चटणी नावे, भाजी जमा

वसंतरावांचा फोन आला तेव्हा मी बराकपूरहून सियालदहला जाणाऱ्या गाडीत दारापाशी उभी होते. सकाळची वेळ, बाहेर पुसट धुकं, कुणाच्या तरी पिशवीतून गंधराज लिंबांचा वास येत होता. ते इतकंच म्हणाले, "रेवती, कुंदा गेली गं... पहाटे, झोपेतच." मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. बहुतेक "बरं" म्हणाले असेन, बाजारातून काही आणायला सांगितल्यावर म्हणतो तसं. फोन कानालाच राहिला आणि मागून एका बाईनं खांद्याला हात लावून विचारलं, "दीदी, नाबबेन?" उतरणार का? माझं स्टेशन अजून पुढं होतं, मला उतरायचं नव्हतंच. पण तो शब्द कानावर पडला आणि मी मुकाट्यानं उतरले. कुठलं स्टेशन होतं कोण जाणे. बाकावर बसले आणि आधी हसू फुटलं, मग रडू. शेजारी चहा पीत बसलेले एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडं बघून हळूच पलीकडं सरकले. त्यांची काय चूक! 'नाबबेन' या साध्या शब्दावर एका मराठी बाईनं मला किती हसवलं होतं, हे त्यांना कसं माहीत असणार?

कुंदाताई माझ्या वर्गमैत्रीण. असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडं बघतात, मग मनात वयाचं गणित मांडतात आणि गोंधळून जातात. शाळेतल्या नव्हेत आणि कॉलेजातल्याही नव्हेत, संध्याकाळच्या एमबीएच्या वर्गातल्या. माझं ऑफिस एस्प्लनेडला आणि संस्था तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. नवरा लष्कराच्या बांधकाम खात्यात, म्हणून घर बराकपूरला. ऑफिसात बढती हवी तर हातात पदवी हवी, एवढ्या सरळ हिशेबानं मी नाव घातलं होतं. वर्गात बहुतेक सगळे माझ्या वयाचे, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, डोळ्यांत दिवसभराची झोप. पहिल्याच दिवशी सरांनी पडद्यावर भला मोठा ताळेबंद दाखवला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "अगं बाई!"

कोलकात्यात 'अगं बाई' ऐकू येणं म्हणजे काय, हे इथं राहणाऱ्या मराठी माणसालाच कळेल. मी गर्रकन मागं वळले. चापूनचोपून नेसलेली इचलकरंजी साडी, कपाळावर ठसठशीत टिकली, मांडीवर स्टीलचा डबा आणि चेहऱ्यावर शाळेच्या पहिल्या दिवशीचा आनंद. वर्ग सुटल्यावर त्यांनीच मला गाठलं. "कुठली गं तू?"

"साताऱ्याची. तुम्ही, काकू?"

"बार्शीची. आणि काकू म्हणालीस ना, तर डब्यातलं थालीपीठ मिळायचं नाही. एका वर्गातल्या आहोत आपण."

मग 'ताई'वर तडजोड झाली आणि थालीपीठ मिळालं. यजमान वसंतराव सरकारी बँकेत अधिकारी, बदलीवर आलेले. बागबाजारला नदीपासून दोन गल्ल्या आत भाड्याचं घर होतं. मला फटकळपणाची खोड आहेच. मेट्रोकडं चालताना मी सरळ विचारलं, "ताई, या वयात हे कशाला?" त्या जरा थांबल्या. रस्त्यावर फेरीवाल्यांचे दिवे लागत होते. त्या पिवळट उजेडात त्यांचा चेहरा फार तरुण दिसला मला. म्हणाल्या, "माझ्या नावे काहीच नाही गं. पुण्याचा फ्लॅट यांच्या नावे, गॅस यांच्या नावे, फोनसुद्धा यांच्या नावे. वडिलांचं आडतीचं दुकान, ते भावांच्या नावे झालं. तक्रार नाही हो... सगळे चांगलेच आहेत माझे. पण एक गोष्ट अशी असावी, की जी दुसऱ्या कुणाच्या नावे होऊच शकत नाही. पदवी तशी असते ना?" मी 'असते' म्हणाले. खरं तर मी असा विचार कधी केलाच नव्हता. माझ्या लेखी पदवी म्हणजे पगारवाढ. पण त्या दिवसापासून त्यांना ती मिळावी, असं मला माझ्या स्वतःच्या पदवीपेक्षा जास्त वाटू लागलं.

पहिल्या सत्रातला सगळ्यांचा कर्दनकाळ म्हणजे फायनान्शियल अकाउंटिंग. शिकवायला सेनगुप्ता सर. मऊ आवाजाचे, करड्या मिशांचे, फळ्यावर टी आकाराची खाती इतकी सुबक काढायचे की पुसवत नसत. पण 'व्हाउचर'ला 'भाउचर' म्हणायचे. बंगाली जिभेवर 'व'चा 'भ' होतो, त्याला इलाज नाही. ते "भाउचर, भाउचर" करू लागले की कुंदाताई माझ्या कानाशी लागायच्या, "सर भाऊंना कशाला एवढं बोलावतायत गं? कुठं गेलेत भाऊ?" आणि मग माझी जी भंबेरी उडायची! एकदा सरांनी आम्हाला उभं केलं. दोघीही उभ्या राहिलो, एक तिशीची आणि एक पन्नाशीची, खाली माना घालून. त्या मात्र घरी जाईपर्यंत खूश होत्या. म्हणाल्या, "कित्येक वर्षांत कुणी रागावलंच नव्हतं मला."

मला वाटलं होतं, त्या या विषयात गटांगळ्या खाणार. झालं भलतंच. विषय त्यांच्या हाडीमाशी भिनलेला होता. लहानपणी त्या बार्शीच्या दुकानात वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, गादीशेजारी बसून वहीतल्या नोंदी वाचून दाखवायच्या. पुढं मोठ्या झाल्यावर दुकानात बसणं बंद झालं, पण कानातलं कानात राहिलं. डेबिट का आणि क्रेडिट का, हे मला धडा वाचूनही कळत नसे. त्या म्हणायच्या, "अगं, ज्याला दिलं त्याच्या नावे. ज्याच्याकडून आलं त्याचं जमा. एवढंच तर आहे." तो एवढासा खुलासा माझ्या डोक्यात लख्ख बसला. आमच्या दोघींचा पेपर उत्तम जाणार, याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती.

मी पास झाले, कुंदाताई नापास झाल्या.

सरांनी त्यांना बोलावलं, तेव्हा मीही मागोमाग खोलीत घुसले. सरांनी उत्तरपत्रिका समोर ठेवली. मग इंग्रजीत हळूच म्हणाले, "सगळं जुळतंय. आणि सगळं चुकलंय." मी वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला. इंग्रजी पद्धतीच्या हिशेबात डावीकडं डेबिट, म्हणजे नावे, आणि उजवीकडं क्रेडिट, म्हणजे जमा. आपल्या जुन्या देशी वह्यांत नेमकं उलटं असतं. जमा डावीकडं, नावे उजवीकडं. वर्गात ताईंनी सरांचं बघून नीट लिहिलं होतं. पण परीक्षेत, घाईत, हात आपोआप आबांच्या वहीकडं वळला. वर डेबिट-क्रेडिट इंग्रजीप्रमाणे लिहिलेलं आणि खाली प्रत्येक नोंद बार्शीच्या बाजूनं. पहिल्या खात्यापासून शेवटच्या ताळेबंदापर्यंत सगळं आरशातल्यासारखं उलटं, आणि बेरजा मात्र तंतोतंत. सर म्हणाले, असा पेपर त्यांनी कधी पाहिला नव्हता. गुण देता आले असते तर त्यांनी दिले असते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पण नियम तो नियम. फेरपरीक्षा एकदाच. तीही गेली, तर अभ्यासक्रम सोडावा लागणार.

बाहेर आल्यावर मी संतापले होते, सरांवर, संस्थेवर, ज्यानं कुणी डावी बाजू डेबिटला दिली त्याच्यावर. ताई शांत होत्या. पायऱ्या उतरताना म्हणाल्या, "हात ऐकत नाही गं. डोक्याला कळतं, हाताला नाही." आणि मग, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, त्यांचे डोळे भरून आले. "एवढी एकच गोष्ट मागितली होती मी..."

मग माझ्या दुपारी बागबाजारला जाऊ लागल्या. सुट्टीच्या दिवशी मी गाडीनं सियालदहला यायची आणि तिथून बस धरायची. त्या दुपारी आता आठवायला बसलं की एकमेकींत मिसळून जातात, कुठली आधीची, कुठली नंतरची, काही सांगता येत नाही. बंगाली माणूस दुपारी भात खाऊन झोपतो, त्या झोपेला इथं नावच आहे, 'भातघुम'. अख्खी गल्ली भातघुमात गेलेली असायची. हिरव्या झडपांच्या खिडक्या मिटलेल्या, रिक्षावाला रिक्षातच पाय दुमडून निजलेला, एखादं मांजर उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात जात असलेलं. नदीवरून बोटीचा भोंगा यायचा, तोही जांभई दिल्यासारखा. आणि त्या सगळ्या झोपेत वरच्या मजल्यावर आम्ही दोघी जाग्या, समोर कोऱ्या कागदावर काढलेली टीची आकृती. ताई डावीकडं पेन नेत आणि पेन आपोआप जमा लिहू लागे. मी "ताई!" म्हणून ओरडे. त्या जीभ चावत. पुन्हा तेच. शेवटी मी हात टेकले आणि म्हणाले, "जाऊ दे, आधी जेवू."

स्वयंपाकाला शेफाली यायची. साधारण ताईंच्याच वयाची, सडसडीत, गालात पान. ती त्यांना बौदी, म्हणजे वहिनी, म्हणायची आणि वसंतरावांना दादा. ताईंनी तिला सगळा मराठी स्वयंपाक शिकवला होता, फक्त ताट वाढणं तिच्या गळी उतरत नव्हतं. बंगाल्यांत चटणी गोड आणि जेवणाच्या शेवटी. ही बाई मीठ-लिंबाशेजारी पहिल्यांदा तिखट चटणी वाढायला सांगते म्हणजे हिचं काहीतरी बिनसलंय, असंच तिला वाटायचं. त्या दिवशीही तिनं चटणी उजवीकडं टाकली, भाजीच्या मांडीवर. ताई उठल्या. "शेफाली, किती वेळा सांगू? चटणी, कोशिंबीर, लिंबू डावीकडं. भाजी, आमटी उजवीकडं. झोपेतसुद्धा माझा हात चुकायचा नाही यात..." आणि बोलता बोलता थांबल्या. हातात चटणीचा चमचा तसाच. माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं.

"चटणी नावे," ताई हळूच म्हणाल्या.

"भाजी जमा!" मी ओरडले.

शेफालीला वाटलं, दोघींना ऊन लागलं.

त्या दिवसापासून खात्याची टी म्हणजे ताट झालं. आबांच्या वहीचं वळण मोडायला तितकंच जुनं दुसरं वळण लागत होतं, आणि ते त्यांच्या हातात होतंच, आईकडून आलेलं. डावीकडं काही लिहायचं तर आधी मनात चटणी वाढायची. यंत्र घेतलं? यंत्र चटणीत. रोकड गेली? रोकड भाजीत. घसारा कोशिंबिरीत, भांडवल आमटीत. सेनगुप्ता सरांनी ऐकलं असतं तर नोकरी सोडून नदीकाठी जाऊन बसले असते. वसंतराव मात्र आतून पेपरच्या आडून म्हणायचे, "आमच्या बँकेत असं कुणी केलं असतं तर चौकशी बसली असती." ताई त्यांना उत्तर द्यायच्या नाहीत. जेवण झालं की चटईवर डाव्या कुशीवर पडायच्या, वामकुक्षीला, आणि डोळे मिटून पुटपुटायच्या, "चटणी नावे, भाजी जमा... चटणी नावे..." आवाज बारीक होत जायचा. खिडकीच्या झडपांतून उन्हाच्या पट्ट्या त्यांच्या पाठीवर पडायच्या आणि मलाही पेंग यायची. अर्धवट झोपेत मला वाटायचं, आपण बागबाजारला नाहीच. आपण बार्शीच्या दुकानात गादीशेजारी बसलोय आणि कुणीतरी गोड आवाजात वही वाचतंय.

शेफालीनंही ते उचललं. ताट वाढताना तिची बाजू चुकायची ती चुकेनाशी झाली, कारण तिला मंत्र मिळाला होता. "चोटनी नाबे, भाजी जोमा." प्रत्येक ताटाला एकदा. एकदा मी तिला विचारलं, याचा अर्थ तुला काय वाटतो? तिनं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. बंगालीत नाबे म्हणजे खाली उतरतं आणि जोमा म्हणजे साचतं. "चटणी खाली उतरते, भाजी साचते," ती म्हणाली आणि हनुवटीनं वसंतरावांच्या ताटाकडं खूण केली. वसंतराव भाजी टाकायचे, रोज. भाजी खरोखरच साचलेली होती. ताई हसून हसून खाली बसल्या. मग बसमध्ये लोक एकमेकांना "नाबबेन? नाबबेन?" विचारू लागले की त्या मला कोपरानं ढोसायच्या, "बघ, बघ, सगळे एकमेकांना नावे टाकतायत!" आणि आम्ही दोघी शहाण्यासुरत्या बायका बसच्या दांडीला लटकून खिदळायचो.

अशाच एका दुपारी अभ्यासाचा कंटाळा आला म्हणून आम्ही मराठा खंदक बघायला निघालो. पूर्वी कधीतरी मराठे चालून येणार या भीतीनं या गावानं भोवती खंदक खणायला घेतला, त्याची सुरुवात बागबाजारला होती, असं ताईंना घरमालकिणीनं सांगितलं होतं. ती म्हातारी ताईंना लाडानं 'बोर्गी' म्हणायची. त्या मराठी घोडेस्वारांची भीती घालून इथं मुलांना निजवतात, त्यावरून. आम्ही गल्ल्यागल्ल्यांतून हिंडलो. खंदक कुठं असणार? कधीच बुजला तो. एक मिठाईचं दुकान, एक बंद छापखाना, वाळत घातलेल्या साड्या. एका वळणावर ताई थांबल्या आणि रस्त्याकडं बोट करून म्हणाल्या, "इथंच असणार." कशावरून, काही नाही. "एवढी तयारी केली यांनी आणि कुणी आलंच नाही शहरात. शेवटी आलं कोण, तर आपण दोघी. चटणीचा डबा घेऊन." आणि तिथंच, भर रस्त्यात, त्यांनी मला शाबासकी द्यावी तशी पाठीवर एक थाप मारली. त्या थापेचा भार अजून पाठीवर आहे.

फेरपरीक्षेच्या दिवशी मी ऑफिसातून सुटी घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात उभी होते. आतून देखरेख करणाऱ्या बाईंचा आवाज आला, "बोलायचं नाही, बोलायचं नाही!" म्हटलं, झालं, मंत्र सुरू आहे. ताई बाहेर आल्या त्या घामानं डबडबलेल्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "बाजू नाही चुकली गं. एकही नाही. पण एक कोशिंबीर वाढायची राहिली." घसारा लावायचा विसरल्या होत्या. निकालापर्यंत माझ्या जिवाला घोर, त्यांनाच उलट माझी समजूत काढावी लागली. मग निकाल लागला. काठावर, पण पास. सेनगुप्ता सरांनी जागेवरून उठून त्यांचं अभिनंदन केलं आणि म्हणाले, "आता सगळं भाउचर जागेवर." ताईंनी मान खाली घातली, खांदे हलत होते. सरांना वाटलं, रडताहेत.

त्या रात्री मी बागबाजारलाच जेवले. शेफालीनं मंत्र म्हणत माझं ताट वाढलं, वसंतरावांचं वाढलं. ताईंचं वाढू लागली तसा ताईंनी तिचा हात धरला. "माझं उलटं वाढ. भाजी डावीकडं, चटणी उजवीकडं."

"उल्टो?" शेफालीला कळेना. इतके दिवस बोलणी खाल्ली ती मग कशासाठी?

"हो, उल्टो. आजपासून रोज." आणि आमच्याकडं बघून म्हणाल्या, "बाकी जगाचं जगाच्या बाजूनं. पेपरात मी लिहीन त्यांच्यासारखं, आयुष्यभर लिहीन. पण माझं पान माझ्या आबांच्या वहीप्रमाणे." वसंतरावांना एवढ्या नवलानं बायकोकडं बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून शेफाली आधी इतरांची ताटं मंत्र म्हणून वाढायची, शेवटी ताईंचं, न बोलता, उलटं, आणि ताट पुढं सरकवताना म्हणायची, "एटा बौदीर." हे वहिनींचं. कुणी पाहुणा असला आणि ते ताट त्याच्यासमोर चुकून जाऊ लागलं, तर ती झडप घालून परत घ्यायची.

मला वाटलं होतं, अवघड होतं ते संपलं. पुढची सत्रं ताईंनी हसतखेळत केली. मग खोकला, मग धाप, मग तपासण्या, आणि त्या तपासण्यांतून निघालं ते नाव, जे मला इथं लिहायचं नाही. शेवटच्या सत्राला त्या आल्याच नाहीत. संस्थेनं जागा राखून ठेवली होती. मी टिपणं नेऊन द्यायची, त्या उशीखाली ठेवायच्या. मला राग यायचा. कुणावर, ते सांगता येत नाही. इतक्या साध्या, सरळ इच्छेच्या आड हे असं काही येतं, याचा राग. माझी पदवी झाली तेव्हा मी समारंभाला गेले नाही. नवरा जा म्हणाला, मी जाऊ शकले नाही.

शेवटची भेट डिसेंबरातल्या एका दुपारी. त्या डाव्या कुशीवर पडल्या होत्या, उन्हाच्या पट्ट्या पाठीवर, सगळं अगदी पूर्वीसारखं. फक्त ताई अर्ध्या उरलेल्या. मला बघून म्हणाल्या, "भाऊ सापडले का गं सरांना?" मी हसले, रडू आवरायला दुसरं काही सुचेना. नदीवर भोंगा वाजला. मग डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, "रेवती, तो अकाउंटिंगचा पेपर... तो माझ्या नावे आहे ना?"

"आहे ना. तुमच्याच नावे आहे. दुसऱ्या कुणाच्या होऊच शकत नाही."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा डोळा लागला. मी हळूच दार ओढून घेतलं.

परवा महिन्याचा दिवस होता. वसंतरावांनी जेवायला बोलावलं. विधी वगैरे त्यांना फारसं जमत नाही, मानवतही नाही. "तिच्या नावे एक पान वाढावं म्हणतो. तू ये," एवढंच म्हणाले होते. मी गेले. घर तसंच होतं, झडपा तशाच, भातघुमात गेलेली गल्लीही तशीच. उशीखालची माझी टिपणं त्यांनी टेबलावर आणून नीट रचून ठेवली होती. त्या टिपणांकडं बघत ते म्हणाले, "बँकेत सगळा जन्म लोकांच्या नावे काय काय करण्यात गेला. हिची मात्र पदवी राहिली. हिच्या नावे काही म्हणता काही होऊ शकलं नाही बघ." मी नुसती त्यांच्या शेजारी बसून राहिले. ते रडत नव्हते. रडले असते तर बरं वाटलं असतं मला.

आतून शेफाली ताटं घेऊन आली. बऱ्याच दिवसांत मी तिला बघितलं नव्हतं, केस एकदम पिकल्यासारखे वाटले. तिनं तीन ताटं मांडली आणि ती वाढू लागली. वसंतरावांचं. "चोटनी नाबे, भाजी जोमा." माझं. "चोटनी नाबे, भाजी जोमा." आवाजात काही नाही, रोजचं काम. मग ती तिसऱ्या ताटापाशी आली आणि तिथं तिनं तोंड मिटलं. पदराला हात पुसला. भाजी घेतली आणि डावीकडं वाढली. आमटीची वाटी डावीकडं. चटणी उजवीकडं, कोशिंबीर उजवीकडं, लिंबाची फोड उजवीकडं. एक एक, सावकाश, जराही न चुकता. वसंतराव बघत होते. मी बघत होते. त्या घरात, त्या गावात, कुठल्याही घरात तसं ताट दुसरं कुणाचं नव्हतं.

शेफालीनं ते अलगद पुढं सरकवलं, जिथं ताई बसायच्या तिथं.

"एटा बौदीर," ती म्हणाली.